पायरीला नाव असतं तेव्हा: खामगावच्या बॉयलरवाल्यापासून पुण्याच्या बीएमएसवाल्यापर्यंत

दहावीचा निकाल लागला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी एकच विषय. खामगाव घ्या, चिखली घ्या, मेहकर घ्या, बाप पोराला घेऊन आयटीआयचा फॉर्म भरायला येतो आणि पहिलं विचारतो, "इलेक्ट्रिशियनला नंबर लागंल का?" नाही लागला तर वायरमन. तोही नाही तर मग बाकीचं बघू. असं का, म्हणून विचारलं तर उत्तर एका शब्दाचं असतं: महावितरण.

शहरातले लोक याला सरकारी नोकरीचं वेड म्हणतात. मला ते वेड वाटत नाही. महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून लागलेल्या पोट्ट्याला सुरुवातीची तीन वर्षं ठरावीक मानधनावर काढावी लागतात, खांबावर चढावं लागतं, पावसाळ्यात रात्री-बेरात्री डीपीवर जावं लागतं. तरी त्याला पुढचं दिसत असतं. तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ, मुख्य तंत्रज्ञ. प्रत्येक पायरीला नाव आहे, आणि ते नाव गावात सांगता येतं, सोयरीक जुळवताना सांगता येतं.

आता त्याच आयटीआयमधला दुसरा पोरगा बघा. त्याने मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग हा दोन वर्षांचा ट्रेड केला, खासगी बसने पुणे गाठलं आणि हिंजवडी-खराडीकडच्या एखाद्या काचेच्या इमारतीत 'बीएमएस टेक्निशियन' म्हणून लागला. बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. इमारतीचे एसी, पंप, पंखे, दिवे, वीजमीटर, आगीची सूचना देणारी यंत्रणा, हे सगळं एका जागेवरून बघायची आणि चालवायची व्यवस्था. काम नवं आहे, डोक्याचं आहे, मागणीही आहे. पण सात-आठ वर्षांनी गावी आल्यावर "काय करतो रे?" असं मामाने विचारलं की तो पोरगा अडखळतो. पगार थोडाफार वाढलाय, ठेकेदार तीनदा बदललाय, ओळखपत्रावर मात्र पहिल्या दिवशी होतं तेच लिहिलेलं आहे.

हे असं का झालं ते समजायला जरा मागं जावं लागतं. आपल्या भागात यंत्रं काही काल-परवा आली नाहीत. दीडशे वर्षांत वऱ्हाडात यंत्रांच्या चार-पाच पिढ्या येऊन गेल्या, प्रत्येक पिढीबरोबर एक नवा कारागीर आला, आणि दरवेळी पायऱ्या कुणी बांधल्या यावरच त्या कारागिराचं आयुष्य ठरलं.

सुरुवात खामगावपासून करू. एकोणिसाव्या शतकात खामगाव म्हणजे वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ. मुख्य रेल्वेमार्ग जवळून गेला पण गावात आला नाही, म्हणून जलंबपासून आठ मैलांचा फाटा टाकला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. आठ मैलांच्या फाट्याला व्हाइसरॉय! कापसाचं महत्त्व केवढं होतं ते यातूनच कळतं. (जाता जाता, तेव्हा खामगाव बुलढाणा जिल्ह्यात नव्हतंच, अकोल्यात होतं. १९०५ च्या फेररचनेत ते आणि जळगाव जामोद आपल्याकडे आले.)

कापसाबरोबर जिनिंग आली, प्रेसिंग आली, आणि प्रेसबरोबर वाफेचा बॉयलर. बॉयलर ही वस्तू माणसाला धडा शिकवते. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी बघायला विसरलात, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला, तर इमारतीसकट माणसं उडतात. १८६३ साली कलकत्त्यात असाच मोठा स्फोट झाला, त्यात जीव गेले, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. मग एकेका प्रांताने आपापला कायदा केला. शेवटी १९२३ साली देशभरासाठी एकच बॉयलर कायदा झाला. तो शंभरावर वर्षं चालला. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला.

या कायद्याखालच्या नियमांनी एक मोठी गोष्ट केली, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बॉयलर कुणाच्या ताब्यात असावा, हे ठरवलं. बॉयलर अटेंडंट द्वितीय श्रेणी, मग प्रथम श्रेणी, आणि वर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर. भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन ठरावीक काळ काम करून, परीक्षा देऊन द्वितीय श्रेणीचा अटेंडंट होऊ शकतो, आणि पुढे अनुभव जमला की प्रथम श्रेणीच्या परीक्षेला बसू शकतो. मोठा बॉयलर म्हणजे मोठ्या श्रेणीचा माणूस. मालकाची मर्जी असो-नसो, असा माणूस ठेवल्याशिवाय बॉयलर पेटवताच येत नाही.

आणि तो कागद माणसाच्या नावाचा असतो. जिनिंग बंद पडली तर तो कागद घेऊन माणूस तेलगिरणीत जातो, साखर कारखान्यात जातो, औषधाच्या कंपनीत जातो. मालक बदलला तरी श्रेणी जात नाही. वऱ्हाडातल्या जिनिंगवाल्यांची पुढे जी पडझड झाली ती आपल्याला माहीत आहे. पण हातात कागद असलेला बॉयलरवाला उपाशी राहिला, असं निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही.

दुसरी शिडी रेल्वेची. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आपली गावं मुंबई-नागपूर मार्गावरची आणि भुसावळ अगदी शेजारी. भुसावळच्या लोको शेडमध्ये लागलेलं पोर आधी क्लीनर व्हायचं, म्हणजे इंजिन पुसायचं. मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. ड्रायव्हरातही आधी मालगाडी, मग पॅसेंजर, मग मेल. पाहता पाहता शिकायचं, हाताने शिकायचं, आणि वरच्याने 'हो' म्हटलं की चढायचं. शिडी चांगली होती, पण इंग्रजी राजवटीत तिच्या वरच्या पायऱ्या गोऱ्यांसाठी आणि अँग्लो-इंडियनांसाठी राखलेल्या असत. आपल्या माणसाला मेलगाडीच्या इंजिनात कोळसा मारायला मिळे, रेग्युलेटर हातात मिळायला पिढ्या गेल्या. तेव्हा शिडी आहे एवढ्यावर भागत नाही, कोणती पायरी कुणाला बंद आहे तेही बघावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी गोष्ट शाळेची. १८८७ मध्ये राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. गिरण्यांना हिशेबी माणसं मिळत होती, यंत्र जाणणारी मिळत नव्हती, विलायतेतून आणावी लागत होती. ती गरज भागवायला गिरणीवाल्यांच्या देणग्यांतून ही संस्था उभी राहिली. १९२३ मध्ये ती माटुंग्याला आली आणि १९९७ मध्ये तिचं नाव बदललं: वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट. व्हीजेटीआय ही अक्षरं तीच राहिली. सिंदखेडराजाच्या लेकीचं नाव देशातल्या नामवंत तंत्रसंस्थेला आहे, आणि सिंदखेडराजाच्या पोरांपैकी कितींना ते माहीत आहे कोण जाणे.

आता इमारतीच्या हवेकडे येऊ. इमारतीतली हवा यंत्राने सांभाळणं ही काही आयटी पार्कची देणगी नाही. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नागपूरची हवा कोरडी, सूत तुटायचं. त्यावर उपाय म्हणून या गिरणीत हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली, आगीसाठी छतात पाण्याचे स्प्रिंकलर बसवले. देशात हे पहिल्यांदा करणाऱ्यांत एम्प्रेस मिलचं नाव घेतात. म्हणजे हवा आणि आग, आजच्या बीएमएसवाल्याची दोन्ही मुख्य कामं, विदर्भातल्या माणसाने तेव्हाच हाताळली होती. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दसुद्धा १९०६ मध्ये अमेरिकेतल्या स्टुअर्ट क्रॅमर या कापडगिरणीच्या इंजिनिअरनेच रूढ केला, माणसाच्या गारव्यासाठी नव्हे, सुतासाठी.

त्याच सुमाराची अमेरिकेतलीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. थंडीचे दिवस, तळघरात भट्टी. शाळेचा शिपाई ठरावीक वेळाने प्रत्येक वर्गात यायचा, थर्मामीटर बघायचा, आणि खाली जाऊन गरम हवेची झडप कमी-जास्त करायचा. शिकवण्यात सारखा व्यत्यय. जॉन्सननी युक्ती काढली. वर्गात एक विजेचं उपकरण लावलं, तापमान ठरावीक हद्दीबाहेर गेलं की तळघरात घंटा वाजायची आणि शिपाई झडप फिरवायचा. १८८३ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं, दोन वर्षांनी कंपनी काढली. आजची जॉन्सन कंट्रोल्स ती हीच. गंमत बघा, पहिल्या यंत्राने स्वतः काही केलं नाही. त्याने फक्त माणसाला सांगितलं, केलं माणसानेच. तो तळघरातला शिपाई हाच जगातला पहिला बिल्डिंग ऑटोमेशन टेक्निशियन, असं मी तरी मानतो. पेटंटवर नाव अर्थात प्राध्यापकांचं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे शिडी बांधण्याचं मोठं काम सरकारने केलं, आणि ते मान्य करायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जवानांना कामधंदा मिळावा म्हणून १९४५ मध्ये केंद्राने एक महासंचालनालय काढलं होतं. त्याच खात्याने १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यातून आजच्या आयटीआय आल्या. शिवा राव समितीने सांगितलं की या संस्था राज्यांनी चालवाव्यात. तसं झालं, तारीख १ नोव्हेंबर १९५६. याच दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. म्हणजे आपण आणि आयटीआय एकाच दिवशी नव्या घरी गेलो. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. कारखान्यांनी शिकाऊ पोरं घेतलीच पाहिजेत, त्यांना विद्यावेतन दिलंच पाहिजे, आणि शेवटी देशभर चालणारी परीक्षा.

या काळातली भाषा बघा. फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता, वायरमनला तारतंत्री, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री, आणि शिकवणाऱ्याला शिल्प निदेशक. कुणी हसतं या शब्दांना. मला मात्र त्यात एक मान दिसतो. कुणीतरी बसून विचार केला की या माणसाला आपल्या भाषेत नाव पाहिजे. तारतंत्र्याला परवाना मिळाला, त्यावर पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आलं, त्यावर विद्युत ठेकेदाराचा परवाना. आपल्या जिल्ह्यात असे कितीतरी ठेकेदार आहेत, ज्यांनी सुरुवात आयटीआयच्या वायरमनपासून केली. बाप दुसऱ्याच्या शेतात आणि पोराचं नाव दुकानाच्या पाटीवर, परवाना क्रमांकासकट.

एसीची गाडी याच वाटेने निघाली होती. मुंबईत १९३३ चं रीगल थिएटर वातानुकूलित म्हणून गाजलं. १९४३ मध्ये ब्लू स्टार, १९५४ मध्ये व्होल्टास. आयटीआयमध्ये ट्रेड आला, शिकाऊ उमेदवारी आली. हातात गेज, खांद्यावर गॅसचं सिलिंडर असलेला एसीवाला तयार झाला. त्याचीही पाटी लागली, निदान 'अमुक रेफ्रिजरेशन' म्हणून.

मग १९८७ साल. पुण्यात टाटा आणि हनीवेल यांची भागीदारीतली कंपनी निघाली, आणि ऑटोमेशन हा शब्द पुण्याच्या तोंडी बसला. योगायोग असा की त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत एसीवाल्या इंजिनिअरांच्या संघटनेत, ॲश्रेमध्ये, एक समिती बसली. तोवर प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर आपापल्याच भाषेत बोलायचा, एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. सगळ्यांची एक भाषा करावी म्हणून आठ वर्षं खपून १९९५ मध्ये त्या समितीने बॅकनेट हे मानक प्रसिद्ध केलं. आज जगातल्या मोठमोठ्या इमारती याच भाषेत बोलतात.

हा टेक्निशियन नेमकं करतो काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण घरच्यांनासुद्धा ते माहीत नसतं. समजा पाचव्या मजल्यावर उकडतंय अशी तक्रार आली. संगणकाच्या पडद्यावर तापमान २४ दिसतंय, म्हणजे सगळं ठीक. पण माणसं घामाघूम. हा शिडी लावून छतात डोकं घालतो. सेन्सर असा ठिकाणी बसवलेला, की थंड हवेचा झोत थेट त्याच्यावर. खोली तापलेली आणि सेन्सर गारठलेला. किंवा थंड पाण्याच्या व्हॉल्व्हची मोटर उलटी जोडलेली, पडदा म्हणतो उघडा, प्रत्यक्षात बंद. किंवा अख्ख्या मजल्यावरचे कंट्रोलर एकदम गप्प. ते सगळे दोन तारांच्या एकाच ओळीत, माळेत मणी ओवावेत तसे जोडलेले असतात. कुठं तरी प्लस-मायनस उलटं झालेलं, कुठं दोन कंट्रोलरना एकच पत्ता दिलेला, कुठं माळेच्या टोकाला १२० ओहमचा रोध लावायचा राहिलेला. एक-एक मणी सोडवत, मीटर लावत शोधायचं. यासाठी वीज कळावी लागते, एसीचं चक्र कळावं लागतं, पाण्याचा दाब कळावा लागतो, आणि वर संगणकाचं नेटवर्क. चार ट्रेड एका डोक्यात. आयटीआयचा पोरगा हे शिकतो, दोन-तीन वर्षांत चांगला शिकतो. साइटवरचे इंजिनिअर गुपचूप त्यालाच फोन करतात.

अडतं ते पुढच्या पायरीवर, आणि ती पायरी आहे लॅपटॉप. कंट्रोलरच्या आत जो प्रोग्राम असतो तो लिहायला, बदलायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. त्याचा परवाना कंपनीचा किंवा तिच्या अधिकृत भागीदाराचा. प्रशिक्षण त्यांच्याच माणसांना. बॅकनेटने यंत्रांची भाषा खुली केली, हत्यार मात्र कुलपात राहिलं. बाजारात काही प्रमाणपत्रं आहेत, नायगारा नावाच्या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र त्यातलं सगळ्यात चालणारं, पण तो वर्ग असतो फी भरून, बहुतेकदा कंपनीने पाठवलं तरच जमणारा. ठेकेदाराकडे रोजंदारीच्या हिशेबाने लागलेल्या पोराला कोण पाठवणार? मग होतं असं की डिग्रीवाला नवखा मुलगा लॅपटॉप घेऊन येतो, छतात डोकं घालणारा त्याला सांगतो काय चुकलंय ते, आणि 'कमिशनिंग इंजिनिअर' ही ओळ नवख्याच्या अनुभवपत्रात जाते. भुसावळच्या शेडमधला तो रेग्युलेटर आठवतो का? इथे कातडीचा रंग आडवा येत नाही, पदवी येते. परिणामात मला फार फरक दिसत नाही.

माझ्या ओळखीचा चिखली तालुक्यातला एक जण आहे. नऊ वर्षं झाली या कामात. तीन इमारती, एकच जागा, कारण इमारतीचा देखभालीचा ठेका दर दोन-तीन वर्षांनी नव्या एजन्सीला जातो आणि ही पोरं नव्या एजन्सीत 'नवीन' म्हणून भरती होतात. नऊ वर्षांची तीन अनुभवपत्रं. तिन्हीवर लिहिलंय 'टेक्निशियन, वर्तणूक समाधानकारक'. बॉयलरवाल्याचा कागद त्याच्या नावाने वर चढत गेला, याचा दर ठेक्याला शून्यावर येतो.

सरकार झोपलेलं होतं असंही नाही. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा आला, २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली. कायद्याने ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक अशी प्रमाणित पदं निर्माण केली, राष्ट्रीय परीक्षा सुरू केली. चांगलं झालं. पण त्या परीक्षेला बसायला पदवी किंवा पदविका आणि वर काही वर्षांचा अनुभव लागतो. आयटीआयवाल्याला दार बंद. वीज वाचते कुठे? रात्री अकराला रिकाम्या मजल्याचा पंखा चालू राहिलाय हे ज्याच्या लक्षात येतं तिथे. तो माणूस कायद्यात कुठेच नाही. बॉयलर फुटला की मुडदे दिसतात, म्हणून बॉयलरवाल्याला श्रेणी मिळाली. बीएमएस बिघडलं तर फक्त बिल वाढतं. मला वाटतं फरक एवढाच आहे, आणि हा फरकही पुरता खरा नाही. आगीच्या वेळी जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवा सोडणारे पंखे, लिफ्ट खाली आणणारी सूचना, हे याच यंत्रणेशी बांधलेलं असतं.

जर्मनीने यावर उपाय केला. तिथे २०२१ पासून इमारतीच्या यंत्रणा एकमेकींशी जोडणाऱ्या कारागिराचा स्वतंत्र व्यवसाय कायद्याने मान्य झाला आहे. साडेतीन वर्षांची उमेदवारी, आठवड्याचे काही दिवस कामावर, काही शाळेत, आणि पुढे 'माइस्टर' होण्याची वाट मोकळी. आपल्याकडे केंद्राच्या यादीत आयओटी टेक्निशियन, स्मार्ट सिटी असा ट्रेड आला खरा. पण बिल्डिंग ऑटोमेशन या नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आयटीआयच्या प्रवेशपुस्तिकेत शोधून बघा.

"एवढं सगळं उभं करायला वर्षं लागतात" असं कुणी म्हणेल. २०२१ आठवा. दुसऱ्या लाटेनंतर देशभर पंधराशेच्या वर ऑक्सिजन प्लांट बसवायचे ठरले, आणि ते चालवणार कोण हा प्रश्न आला. तेव्हा काही महिन्यांत सुमारे आठ हजार लोकांना शिकवायचं ठरलं आणि कामाला लागले. गरज गळ्याशी आली की अभ्यासक्रम होतो, निदेशक मिळतो, कागदही मिळतो. त्या प्लांटवर शिकलेल्यांचं पुढे काय झालं, त्यांना त्या कागदाची पुढची पायरी मिळाली का, हा मात्र आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आपल्याकडे सामान कमी नाही. शेगावला १९८३ पासून गजानन महाराजांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज, तिथून वीसेक किलोमीटरवर खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय. या तिघांत मिळून एक प्रशिक्षणाची भिंत उभी करायची: एक हवा हाताळणारं छोटं यंत्र, दोन व्हॉल्व्ह, पाच-सहा कंट्रोलर, दोन तारांची ती माळ, आणि एक परवानाधारक लॅपटॉप जो आयटीआयच्या पोराच्याही हातात दिला जाईल. एसीचा निदेशक आणि इलेक्ट्रिशियनचा निदेशक एकत्र उभे राहिले तर शिकवायला बाहेरून कुणी आणायची गरज निम्मी संपते. आणि तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, हा नियम देखभाल एजन्सीलाही आहे. पुण्या-मुंबईतल्या किती एजन्सी ते पाळतात, हे आपल्या आमदार-खासदारांनी एकदा विचारायला हरकत नाही. पोरं त्यांच्याच मतदारसंघातली आहेत.

तोवर, ज्यांची पोरं या कामात आहेत त्यांना एक सांगतो. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ती वाट मोकळी ठेवा. आणि एजन्सी बदलताना 'वर्तणूक समाधानकारक' एवढ्यावर अनुभवपत्र घेऊ नका. कोणत्या कंपनीचे कंट्रोलर हाताळले, किती एअर हँडलिंग युनिट सांभाळले, किती पॉइंट तपासून चालू करून दिले, हे आकड्यांनी लिहून मागा. एचआरवाला म्हणेल असा नमुना आमच्याकडे नाही. मग नमुना आपणच टाइप करून न्यायचा, सही तेवढी त्याची घ्यायची.